दृष्टिबाधित विद्यार्थी : निदानापासून फळ्यापर्यंतचे अंतर

बंगळुरूच्या दक्षिणेकडे होसूर मार्गावर वसलेली बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत प्रामुख्याने दोन गोष्टींसाठी परिचित आहे. तेथील कारखाने ही पहिली, तर नारायणा हेल्थ सिटी हे विस्तीर्ण रुग्णालय संकुल ही दुसरी. १० ऑगस्ट २०२५ रोजी शहराच्या मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून त्यात तिसऱ्या गोष्टीची भर पडली. आर. व्ही. रोड येथून निघणाऱ्या, सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या आणि १६ स्थानकांच्या या मार्गिकेचे शेवटचे स्थानक बोम्मसंद्रा हे आहे. इलेक्ट्रॉनिक सिटी याच मार्गिकेवर, काही स्थानके अलीकडे लागते.

दृष्टिबाधित मुलांच्या शिक्षणाच्या प्रश्नाकडे पाहण्यासाठी हा पट्टा सोयीचा आहे. नवजात बालकांच्या दृष्टीचे अतिशय लवकर निदान करणाऱ्या एका कार्यक्रमाचे नाव या परिसराशी जोडलेले आहे, आणि दृष्टिबाधित मुलांना गणित व विज्ञान शिकविण्यासाठी झटणारी एक संस्थाही येथून जवळच उभी राहिली आहे. या दोन टोकांच्या मध्ये जे काही येते, म्हणजे गावातील वा वस्तीतील सर्वसाधारण शाळा, तिचा फळा, तिची पाठ्यपुस्तके आणि घरापासून तिच्यापर्यंतचा रस्ता, तेथे मात्र केवळ बंगळुरूतच नव्हे तर देशात बहुतेक ठिकाणी पोकळी आढळते. निदानाची व्यवस्था जितक्या वेगाने पुढे गेली तितक्या वेगाने शिकविण्याची व्यवस्था गेलेली नाही, हे या प्रश्नाचे आजचे स्वरूप आहे.

तिसाव्या दिवसाआधीची तपासणी

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बालकाच्या डोळ्यातील दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. जन्मानंतर, विशेषतः ज्यांना प्राणवायू द्यावा लागला अशा बालकांमध्ये, ही वाढ विकृत दिशेने होऊ लागते. वेळीच उपचार न झाल्यास दृष्टिपटल सुटून येते आणि दृष्टी कायमची जाते. या विकाराला रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी असे नाव आहे. बाहेरून पाहता बालकाचे डोळे निकोप दिसतात. आईवडिलांना शंका यावी असे कोणतेही चिन्ह नसते. म्हणूनच २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकाचे डोळे जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत तपासले जावेत, असा दंडक भारतात रूढ झाला आहे. विकार गंभीर टप्प्यावर पोहोचल्यास लेझर उपचारांसाठी हाती असलेला अवधी पुष्कळदा दोन ते तीन दिवसांचाच असतो.

जगात सर्वाधिक मुदतपूर्व जन्म भारतात होतात. २०२० मध्ये त्यांची संख्या सुमारे ३० लाख होती. जिल्हा रुग्णालयांतील नवजात कक्ष सुधारले, पूर्वी जी बालके दगावत ती वाचू लागली आणि त्याबरोबर हा विकारही महानगरांच्या सीमा ओलांडून जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचला. तो ओळखू शकणारे नेत्रतज्ज्ञ मात्र मोजके, आणि तेही मोठ्या शहरांत. या विसंगतीवर उपाय म्हणून नारायण नेत्रालय या संस्थेने २००८ मध्ये डॉ. आनंद विनेकर यांच्या नेतृत्वाखाली ‘किडरॉप’ हा कार्यक्रम हाती घेतला. या संस्थेची एक शाखा बोम्मसंद्रा येथील रुग्णालय संकुलातच आहे. कार्यक्रमातील प्रशिक्षित तंत्रज्ञ वाहतूक करता येईल असा कॅमेरा घेऊन कर्नाटकातील नवजात कक्षांना भेटी देतात, बालकांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात आणि दूरवर बसलेले तज्ज्ञ त्यांवरून निर्णय देतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कार्यक्रमाच्या अहवालात २०,२१४ छायाचित्रण सत्रांची नोंद आहे. केंद्र सरकारनेही २०१३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या विकाराचा समावेश केला.

या कार्याचे मोल वादातीत आहे. तथापि, उपचार वेळेवर झाले तरी प्रत्येक बालकाची दृष्टी पूर्णपणे निर्दोष राहतेच असे नाही. काहींना पुढे तीव्र क्रमांकाचा चष्मा लागतो, काहींची दृष्टी चष्म्यानेही पुरेशी सुधारत नाही. मुदतपूर्व जन्मलेल्या काही मुलांमध्ये डोळ्यांची रचना निर्दोष असूनही, पाहिलेल्याचा अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या भागाला इजा झालेली असते. गर्दीच्या चित्रातून एक वस्तू शोधणे, ओळीतून ओळ वेगळी काढणे अशा मुलांना कठीण जाते. डोळे तपासल्यावर मात्र त्यांच्यात फारसा दोष सापडत नाही. याशिवाय रातांधळेपणापासून सुरुवात होऊन हळूहळू दृष्टिक्षेत्र आकसत नेणारे आनुवंशिक विकार आहेत. मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी विवाह करण्याची प्रथा ज्या समाजांत आहे, तेथे अशा काही विकारांचा धोका अधिक संभवतो. नेत्रदानाविषयी आपल्याकडे बरीच जागृती झाली असली तरी नेत्ररोपण केवळ बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या दोषावर उपयोगी पडते, वर उल्लेखिलेल्या विकारांवर नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. डोळे मिळतील आणि मूल पाहू लागेल, या आशेवर शाळेची वर्षे वाया घालविणारी कुटुंबे विरळा नाहीत.

ना अंध, ना डोळस

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ५० लाख ३२ हजार व्यक्ती दृष्टीशी संबंधित अपंगत्वाच्या होत्या. ‘अंध’ हा शब्द उच्चारताच काळा चष्मा व पांढरी काठी असे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात दृष्टिबाधित मुलांपैकी अनेकांना काही ना काही दिसते. कोणाला खिडकीचा उजेड आणि समोरून जाणारी सावली, कोणाला नाकाजवळ धरलेल्या पुस्तकातील अक्षर, तर कोणाला जणू नळीतून पाहावे तसा मधला लहानसा भाग.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अंधत्व आणि अल्पदृष्टी या दोन स्वतंत्र व्याख्या आहेत. चष्मा लावूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असल्यास किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असल्यास ते अंधत्व; ६/१८ पासून ३/६० पर्यंतची दृष्टी किंवा १० ते ४० अंशांचे दृष्टिक्षेत्र म्हणजे अल्पदृष्टी. ६/१८ चा अर्थ असा की, इतरांना १८ मीटरवरून वाचता येणारे अक्षर या मुलाला ६ मीटरवरून वाचावे लागते. ६/६० असेल तर वर्गातील शेवटच्या बाकावरून फळा म्हणजे केवळ एक काळा आयत होय.

शाळांमधील नेत्रतपासणी शिबिरांची रचना मुख्यतः चष्म्याच्या गरजेभोवती झालेली आहे. ज्याला चष्मा लागतो त्याला तो मिळतो आणि प्रश्न सुटतो. ज्याची दृष्टी चष्म्याने सुधारत नाही, त्याच्या कागदावर पुढील तपासणीचा शेरा पडतो. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर ‘आता औषधोपचाराने काही होण्यासारखे नाही’ असे सांगितले जाते. वैद्यकीयदृष्ट्या ते विधान अचूक असते. परंतु पालक त्याचा अर्थ ‘आता काहीच होण्यासारखे नाही’ असा लावतात. नेमक्या याच क्षणी मुलाला वैद्यकाच्या हातून शिक्षकाच्या हाती सोपविले जायला हवे, आणि नेमका हाच दुवा बहुतेक ठिकाणी तुटलेला आहे. निदान करणारा आरोग्य विभागाचा, शाळा शिक्षण विभागाची, प्रमाणपत्र व साधने अपंग कल्याण विभागाकडची. एकाच मुलाची कागदपत्रे अशी तीन दारी फिरतात.

वर्गात काय करता येते

अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी वर्गात करावयाच्या बहुतेक गोष्टींना फारसा खर्च येत नाही. प्रकाश मुलाच्या पाठीमागून किंवा बाजूने यावा, समोरच्या खिडकीतून डोळ्यांवर नव्हे. फळ्याच्या अगदी जवळ बसण्याची आणि गरज पडल्यास उठून फळ्याशी जाण्याची त्याला मुभा असावी. चकाकणारा फळा असेल तर कोठे बसल्यावर तिरीप येत नाही, हे मुलालाच विचारून ठरवावे. वर्णहीनता म्हणजे ॲल्बिनिझम असलेल्या मुलांना उजेड सहन होत नाही. त्यांना वर्गातही पुढे झडप असलेली टोपी घालू देणे हा शिस्तभंग मानला जाऊ नये. दृष्टिक्षेत्र आकसलेल्या मुलाला मात्र पहिल्या बाकावर बसविणे प्रत्येक वेळी योग्य ठरत नाही, कारण फार जवळून त्याला फळ्याचा एक कोपराच दिसतो. म्हणजेच ‘अंध मुलांना पुढे बसवा’ हा सरसकट नियमही अपुरा आहे.

वहीच्या फिकट निळ्या रेघा अशा मुलांना दिसत नाहीत. जाड काळ्या रेघा आखलेली वही आणि शिसपेन्सिलीऐवजी ठळक काळ्या शाईचे पेन दिल्यास लेखनात लगेच फरक पडतो. उतरते मेज किंवा पुस्तक तिरपे ठेवण्याची फळी दिली की, मान व पाठ वाकवून वाचण्याचा त्रास कमी होतो. पुस्तक नाकाशी धरून वाचल्याने डोळे आणखी बिघडतात, हा समज निराधार असून त्यापायी मुलांना घरी व शाळेत दटावले जाते. जवळ धरल्याने अक्षर मोठे दिसते, एवढाच त्याचा अर्थ. भिंग, दूरचे पाहण्यासाठी एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण, मोठ्या अक्षरांतील छपाई ही त्यापुढची साधने होत.

याहूनही सोपी, परंतु शिक्षकांच्या सवयीशी निगडित अशी एक बाब आहे. ‘हे इथून तिथे नेले की हे मिळते’ असे म्हणत फळ्यावर गणित सोडविणारा शिक्षक दृष्टिबाधित मुलाच्या दृष्टीने मौनच पाळत असतो. लिहिताना प्रत्येक पायरी मोठ्याने उच्चारणे, प्रश्न विचारताना बोट दाखविण्याऐवजी नाव घेणे, वर्गातील बाकांची मांडणी बदलल्यास तसे सांगणे या गोष्टींचा लाभ डोळस मुलांनाही होतो. शिक्षक-प्रशिक्षणात या विषयाला मिळणारा वेळ पाहता, सेवेतील बहुसंख्य शिक्षकांना हे कोणी सांगितलेलेच नसते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

सहा टिंबांची लिपी आणि उशिरा येणारे पुस्तक

ज्या मुलांना छापील अक्षर उपयोगाचे नाही, त्यांच्यासाठी ब्रेल हीच साक्षरता होय. ध्वनिफीत ऐकून आशय कळतो, पण शुद्धलेखन कळत नाही. परिच्छेद कोठे संपला, अवतरणचिन्ह कोठे लागले हे बोटालाच उमगते. भारतात अंधांसाठी पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसर येथे निघाली. मुंबईत १९०० मध्ये ॲना मिलार्ड यांच्या पुढाकाराने अमेरिकन मिशनची शाळा सुरू झाली, तीच आजची दादरची कमला मेहता अंधशाळा. म्हैसूरमध्ये १९०१ साली मूकबधिर व अंधांची शाळा उघडली. त्या काळी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल पद्धती प्रचलित होत्या. १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान पद्धती स्वीकारण्यात आली आणि हा गोंधळ मिटला.

भारती ब्रेलचे एक वैशिष्ट्य स्थलांतरितांच्या वसाहतींमध्ये विशेष लक्षणीय ठरते. मराठीतील ‘क’ आणि कन्नडमधील ‘क’ डोळ्यांना पूर्णतः भिन्न दिसतात. बोटांना मात्र ते एकच आहेत, कारण सर्व भारतीय भाषांत त्या ध्वनीसाठी टिंबांची एकच जुळणी ठरविण्यात आली आहे. सोलापूर किंवा लातूरकडून कामासाठी बंगळुरूत आलेल्या कुटुंबातील डोळस मुलाला नवी लिपी मुळापासून गिरवावी लागते. ब्रेल शिकलेल्या मुलाला भाषा नवी असली तरी अक्षरओळख नवी नसते. एरवी प्रत्येक बाबतीत मागे राहणाऱ्या या मुलाला येथे मिळणारा लाभ दुर्दैवाने बहुतेक शाळांच्या लक्षातही येत नाही.

अडचण आहे ती पुस्तकाची. ब्रेलमध्ये छापल्यावर एका पाठ्यपुस्तकाचे अनेक जाडजूड खंड होतात. आकृत्या, नकाशे आणि तक्ते नव्याने, उठावाच्या रेषांनी तयार करावे लागतात. अभ्यासक्रम बदलला की हे सर्व पुन्हा. सामान्य मुलाला पहिल्याच आठवड्यात मिळणारे पुस्तक दृष्टिबाधित मुलाच्या हाती सहामाही परीक्षेच्या सुमारास पडत असेल, तर ते मोफत असून उपयोग काय, हा प्रश्न पालकांनी विचारणे स्वाभाविक आहे.

यातील कायद्याचा अडसर बऱ्याच अंशी दूर झाला आहे. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात अशी तरतूद झाली की, अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे वाचनसुलभ रूपांतर करताना प्रकाशकाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये. २०१३ च्या मराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता; ही मान्यता २०१४ मध्ये देण्यात आली. २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे आणि ती मराठी व कन्नडही वाचते.

उरला तो एक तांत्रिक, पण अत्यंत जाचक अडथळा. भारतीय भाषांतील कितीतरी पुस्तके आजही जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळविलेली असतात. डोळ्यांना पडद्यावर सुबक मराठी दिसते. वाचन प्रणालीला मात्र तीच अक्षरे इंग्रजी चिन्हांची अर्थहीन रांग वाटते आणि ती तशीच वाचून दाखवते. पीडीएफ संकेतस्थळावर ठेवली की पुस्तक सर्वांना उपलब्ध झाले, असे शासकीय यंत्रणा मानतात. दृष्टिबाधित विद्यार्थ्याच्या लेखी ते पुस्तक तेथे नसल्यासारखेच असते. युनिकोडमधील मूळ प्रत पाठ्यपुस्तक छापण्यापूर्वीच ब्रेल छापखान्याकडे गेली, तर विलंबाचा मोठा भाग टळू शकतो. यासाठी नव्या निधीपेक्षा छपाईच्या वेळापत्रकात बदलाची गरज आहे.

गणितातून सूट, की गणितापासून वंचना

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना गणित व विज्ञान या विषयांतून सूट देण्याची किंवा सोपे पर्यायी विषय देण्याची पद्धत अनेक परीक्षा मंडळांत रूढ आहे. ती सहानुभूतीपोटी आली यात शंका नाही. २०१६ च्या अधिनियमातील कलम १७ अभ्यासक्रम व परीक्षेतील बदलांची उदाहरणे देताना जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख करते. गणिताचा उल्लेख तेथे नाही. तरीही पर्याय हा हळूहळू प्रघात बनला आणि आठवीत असतानाच ‘याला गणित कशाला’ असे शाळाच ठरवू लागली. परिणामी दहावीनंतर विज्ञान, वाणिज्य, संगणकशास्त्र या शाखांची दारे आपोआप मिटतात. आंध्र प्रदेशातील श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर विज्ञान शाखेत प्रवेश मिळावा म्हणून न्यायालयात जावे लागले होते. पुढे ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत शिकले व उद्योजक झाले. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाल्याने ही हकिकत घरोघरी पोहोचली. पण विज्ञान शिकण्यासाठी खटला लढण्याची ऐपत आणि चिकाटी किती कुटुंबांत असते?

या संदर्भात इलेक्ट्रॉनिक सिटीतील आयआयआयटी बंगळुरू या संस्थेच्या आवारात आकारास आलेल्या ‘व्हिजन एम्पॉवर’ या संस्थेचे कार्य महत्त्वाचे ठरते. २०१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या संस्थापकांपैकी विद्या वाय. या स्वतः दृष्टिहीन असून त्यांनी गणिताचा अभ्यास नेटाने पूर्ण केला आणि त्याच शिक्षणसंस्थेतून पदव्युत्तर शिक्षण घेतले. ही संस्था विज्ञान-गणिताचे पाठ स्पर्श व श्रवणाच्या आधारे तयार करते आणि मुख्य म्हणजे अंधशाळांतील शिक्षकांना ते शिकविण्यासाठी तयार करते. या शिक्षकांपैकी काहीजण स्वतः दृष्टिबाधित असतात आणि त्यांनाही शालेय वयात गणितातून ‘सूट’ मिळालेली असते. एका पिढीला दिलेली सवलत पुढच्या पिढीच्या शिक्षणाआड कशी येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

गणित हाताने करण्याची साधने जुनीच आहेत. अष्टकोनी छिद्रांच्या पाटीत खिळे बसवून अंक मांडण्याची टेलर फ्रेम आपल्याकडील अंधशाळांत कित्येक पिढ्यांनी वापरली आहे. समीकरणांसाठी अमेरिकेतील अंध गणितज्ञ अब्राहम नेमेथ यांची ब्रेल चिन्हपद्धती भारतातही प्रचलित आहे. भूमितीसाठी रबराच्या पाट्यावर प्लास्टिकचा कागद ठेवून रेघ ओढली की ती उमटून हाताला लागते. साधने नाहीत असे नाही. ती सर्वसाधारण शाळेत पोहोचत नाहीत आणि पोहोचली तर वापरावी कशी हे सांगणारे कोणी नसते.

परीक्षेतील लेखनिक हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. केंद्राने २०१३ मध्ये आणि नंतर २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देण्याचा दंडक घालून दिला. लेखनिक शोधण्याची जबाबदारी मात्र प्रत्यक्षात विद्यार्थ्यावरच येऊन पडते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा सर्वांच्याच परीक्षा असतात, तेव्हा स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून तीन-चार तास देणारे कोणी मिळणे दुरापास्त होते. संगणकावर स्वतः उत्तरे टंकलिखित करण्याचा सराव शाळेतच झाला तर हे परावलंबन पुष्कळ कमी होईल.

शाळेबाहेरचे धडे

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्यांचे शिक्षण झाले. २०१६ मध्ये त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यशस्वी झाल्या; परंतु रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना दृष्टिहीनतेच्या कारणावरून नाकारण्यात आले. पुढील वर्षी अधिक वरचे स्थान मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या आणि २०१९ मध्ये त्यांनी तिरुअनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून सूत्रे स्वीकारली. अशा यशोगाथा सांगताना त्यामागील रोजचा प्रवास बहुधा झाकला जातो. कमला मेहता ही मुलींची शाळा आहे, ही बाब येथे मुद्दाम ध्यानात घ्यावी. दृष्टिबाधित मुलीला एकटीने घराबाहेर पाठविण्यास पालक धजावत नाहीत आणि जवळच्या शाळेतही सोबतीला कोणी नसेल तर तिची शाळा सुटते. समग्र शिक्षा योजनेत अपंग विद्यार्थ्यांसाठी प्रतिवर्षी प्रत्येकी ३५०० रुपयांपर्यंतची तरतूद आणि मुलींसाठी दरमहा २०० रुपयांचा विद्यावेतन भत्ता ठेवण्यात आला. दरमहा २०० रुपयांत सोबत करणाऱ्या व्यक्तीचे बसभाडेही निघणे कठीण आहे.

मेट्रोच्या फलाटांवर उठावाच्या पिवळ्या फरशांचा मार्ग असतो. लांबट रेषा म्हणजे चालत राहा, गोल उंचवटे म्हणजे थांबा, पुढे कड किंवा वळण आहे, अशी ती भाषा. स्थानकाच्या शेवटच्या पायरीनंतर पदपथावर हा मार्ग पुढे चालू राहिला नाही, तर मुलाचे स्वातंत्र्यही तेथेच संपते. उघडी गटारे, पदपथावर उभ्या केलेल्या दुचाकी आणि डोक्याच्या उंचीवर आलेले फलक ही आपल्या शहरांतील नित्याची दृश्ये आहेत. पांढरी काठी जमिनीवरील अडथळा सांगते, डोक्याच्या उंचीवरचा सांगत नाही. काठी वापरून चालण्याचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण असते आणि ते शालेय वयातच मिळायला हवे. अनेक मुलांना ते कॉलेजात गेल्यावर प्रथमच मिळते.

घरातील शिक्षण याहून दुर्लक्षित राहते. प्रेमापोटी आई भरवत राहते, वडील हात धरून नेत राहतात आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपल्या शर्टाची गुंडी लावता येत नाही. चहा ओतताना पेल्याच्या कडेवर बोट ठेवून पातळी ओळखणे, कपडे ठरलेल्या जागी ठेवणे, दुकानातून सुटे पैसे मोजून आणणे हाही अभ्यासक्रमच आहे. रिझर्व्ह बँकेच्या १०० रुपयांच्या व त्याहून मोठ्या नोटांवर स्पर्शाने ओळखता येतील अशी चिन्हे असतात आणि नोट ओळखून सांगणारे ‘मणी’ हे मोबाइल ॲप बँकेने जानेवारी २०२० मध्ये उपलब्ध केले. लहान मुलाच्या हाती प्रत्यक्षात पडतात त्या दहा-वीसच्या नोटांवर मात्र अशी उठावाची चिन्हे नाहीत. त्या घडी घालण्याच्या पद्धतीवरून लक्षात ठेवण्याची युक्ती दृष्टिबाधित व्यक्ती एकमेकांना शिकवितात.

शिक्षक किती आणि कोणते

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निकालात विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले : प्राथमिक स्तरावर १० अपंग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर १५ विद्यार्थ्यांमागे एक. त्यानंतरही राज्यांनी पदे मंजूर न केल्याने न्यायालयाला ७ मार्च २०२५ रोजी पुन्हा आदेश देणे भाग पडले. हे प्रमाण प्रत्यक्षात आले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो. विशेष शिक्षकाचे प्रशिक्षण अपंगत्वाच्या प्रकारानुसार वेगवेगळे असते. श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी तयार झालेल्या शिक्षकाला ब्रेल येईलच असे नाही. तालुक्यातील शाळांतून फिरणारा एकच शिक्षक सर्व प्रकारच्या मुलांकडे पंधरा दिवसांतून एकदा डोकावणार असेल, तर त्या भेटीत नोंदवही भरण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. ब्रेल शिकण्यासाठी सुरुवातीचे काही महिने रोजचा सराव लागतो.

अंधशाळा की सर्वसाधारण शाळा, हा वाद जुना असून २०१६ च्या अधिनियमाने त्यात पक्ष घेतलेला नाही. कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयोगटातील, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. ब्रेल, काठी आणि दैनंदिन कौशल्ये विशेष शाळेत पक्की करून नंतर सर्वसाधारण शाळेत जाण्याचा मार्ग अनेकांनी यशस्वीपणे अनुसरला आहे. मात्र निवड करण्यासाठी दोन्ही पर्याय खरे असावे लागतात. जवळच्या शाळेत पुस्तक नाही, शिक्षक नाही आणि विशेष शाळा शंभर किलोमीटरवर, अशा स्थितीत सहा वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवणे ही निवड नसते.

अधिनियमातील मोफत पुस्तके, शैक्षणिक साहित्य व सहाय्यक साधनांची तरतूद वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच लागू आहे. ‘किडरॉप’ कार्यक्रम सुरू झाला त्या २००८ साली जन्मलेली बालके २०२६ मध्ये १८ वर्षांची होतात. त्यांच्यापैकी ज्यांची दृष्टी वाचली, त्यांना या तरतुदीची गरज भासली नाही. ज्यांची वाचली नाही, किंवा अर्धीमुर्धी वाचली, त्यांचे बारावीपर्यंतचे शालेय शिक्षण याच अवधीत झाले वा सुटले. त्यांच्यासाठी पुढे उच्च शिक्षणात कलम ३२ नुसार किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या जागांसाठी अर्ज करताना बारावीच्या गुणपत्रिकेत कोणते विषय असतील, हे आठवी-नववीच्या वर्गातच ठरून गेलेले असते.